नाकारलं, पण खोडलं का?

ठाण्यातला कोर्ट नाका. सकाळचे अकरा वाजलेत. टायपिंगच्या टेबलाशी एक वकीलबाई कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, सांगतायत आणि स्क्रीनवर अक्षरं उमटतायत: 'सदर कलमातील मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' पुढच्या कलमाला पुन्हा तेच वाक्य.

हे झालं नाकारणं. इंग्रजीत 'डिनाय'. बातम्यांत मात्र अशा नुसत्या नकाराला सर्रास 'रिफ्यूट' म्हणतात, आणि ते मला फार खटकतं. नकाराला श्वासभर वेळ पुरतो. 'रिफ्यूट' करायचं, म्हणजे पुराव्यानं खोडून काढायचं, तर हातात काहीतरी लागतं.

लॅटिनमध्ये 'रेफुतारे' म्हणजे मागे रेटणं, परतवून लावणं. 'कन्फ्यूट', म्हणजेही खोडून काढणं, त्याचाच भाऊ. दोघांच्या पोटातला 'फुतारे' अभ्यासक ठोकणं, मारणं अशा अर्थाच्या धातूशी जोडतात. समोरून वार आलाय, तो उलटवायचाय. कोर्टात रोज कानावर पडणारं 'रिबटल', म्हणजे समोरच्याचा मुद्दा खोडणारं उत्तर, हेही असंच, जुन्या फ्रेंचमधल्या ढकलण्यावरून आलेलं. बोकड डोक्यानं धडक देतो, ते इंग्रजी 'बट' याच घरातलं.

'डिसप्रूव्ह', म्हणजे चूक आहे हे सिद्ध करणं, जरा शांत. त्याच्या मुळाशी पारखणं आहे.

'डीबंक', म्हणजे थापेची पोल उघडी करणं, त्याची गोष्ट थेट अमेरिकेच्या संसदेतली. साल 1820. मिसुरीला गुलामगिरीसह राज्य म्हणून सामील करून घ्यायचं का, या प्रश्नावर चर्चा संपत आलेली, सभासद मतदानाची घाई करतायत, आणि नॉर्थ कॅरोलायनाचे फेलिक्स वॉकर बोलायला उभे राहतात. थांबायला तयार नाहीत. म्हणाले, मी माझ्या बंकम काउंटीसाठी बोलतोय. तेव्हापासून पोकळ भाषणाला 'बंकम' नाव पडलं, पुढे त्याचं 'बंक' झालं. 1923 मध्ये विल्यम वुडवर्ड या लेखकानं त्याला 'काढून टाकणं' या अर्थाचा 'डी' जोडला.

आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे: फोल ठरवणं. दाणा न भरलेलं टरफल ते फोल. सूप हातात घेऊन पाखडल्याशिवाय ते वेगळं होत नाही. 'खंडन'मध्येही तुकडे करणं आहे. आपल्या भाषेनंसुद्धा हे काम हातानं करायचं मानलंय.

टेबलाशी सातवं कलम आलं. भाडं थकल्याचा आरोप. टायपिस्ट सवयीनं 'मान्य व कबूल नाही' टाइप करतो.

"थांबा दादा," बाई म्हणतात, "इथे पुढे लिहा, सदर रक्कम दिलेली असून पावती सोबत जोडली आहे."

आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून चौघडी घातलेला एक पिवळट कागद बाहेर येतो.