चार नव्हे, पाच टायर

नमस्कार मंडळी. वाळपईत गाड्यांवर बोलायचं म्हटलं की चढ, चिखल आणि ओहोळ समजावून सांगावे लागत नाहीत. इथून चोर्ल्याच्या बाजूला जा नाहीतर खाली सांगे-नेत्रावळीकडे, डांबर सोडून आत वळलं की चाकाखाली काय येतं ते तुम्ही माझ्याइतकंच जाणता. म्हणून आज इंजिन, विंच, सस्पेन्शन यांतलं काहीच घेत नाही. फक्त स्टेपनी. गाडीवर लाखभर रुपये घालणारी माणसंसुद्धा तिचा विचार सगळ्यात शेवटी करतात, आणि ते मला मनापासून खटकतं.

टायरच्या दुकानात नेहमी दिसतं ते असं: गाडीखाली चार नवे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे टायर, तेही कंपनीच्या मापापेक्षा मोठे, आणि मागच्या दारावर तोच जुना हायवेचा टायर. माझं म्हणणं एवढंच, की गाडी कच्च्या वाटेवर न्यायची असेल तर टायर पाच घ्यायचे, एकाच दिवशी, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. बजेट बसत नसेल तर एक पायरी स्वस्त टायर निवडा, पण पाच घ्या.

हे का, ते आपल्या जमिनीवरूनच सांगतो. खिळा नक्षीत घुसला तर स्ट्रिप, म्हणजे भोकात ठासायची चिकट रबरी पट्टी, मारून काम भागतं. पंक्चरचं किट आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर जवळ असेल तर स्टेपनी काढावीही लागत नाही. पण आपल्याकडे खरा घात करतो तो जांभा. चिऱ्यांच्या खाणीजवळच्या वाटेवर तुटलेल्या चिऱ्याची धार वर आलेली असते, पावसात ती चिखलाखाली दिसत नाही. पकडीसाठी हवा कमी करून जाताना टायर फुगून बाजूला येतो आणि ती धार नेमकी साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, लागते. साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. तिथे स्ट्रिप टिकत नाही, पॅचवर भरवसा ठेवता येत नाही. साइडवॉल कापली, म्हणजे साइड कट झाला, की तो टायर संपला.

2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती उरली नाही. पणजी-मडगाव करणाऱ्याला ते चालून जाईल. साइड कटपुढे मात्र किट हतबल आहे. आणि ती बारीक, ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेली स्टेपनी? ती डांबरावरून गॅरेजपर्यंत पोचायला बनवलेली असते, दगडगोट्यांतून वर चढायला नव्हे.

आता मापाचं बघू, कारण इथे फसगत होते. महिंद्राच्या नव्या थारचीच दोन मापं बाजारात आहेत: 245/75 आर 16 आणि 255/65 आर 18. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचात. लांबून दोन्ही सारखीच वाटतात. हिशोब केलात तर पहिल्याचा व्यास साधारण 774 मिलिमीटर, दुसऱ्याचा 789. पंधरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे जवळपास दोन टक्के. जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, लिव्हर टाकला की पुढच्या आणि मागच्या चाकांचे ॲक्सल एकमेकांशी जखडले जातात. लहान चाक जास्त फेरे मारायला बघतं, बाकीची त्याला अडवतात, आणि तो सगळा ताण गिअरांवर आणि शाफ्टवर साठत जातो. चिखलात चाक घसरतं म्हणून ताण सुटतो. कोरड्या, कडक जांभ्यावर तो सुटत नाही. घासलेल्या टायरचंही तसंच: नवा आणि पार झिजलेला यांत एक-दीड टक्क्याचा फरक सहज पडतो.

नाइलाजाने वेगळ्या मापाची स्टेपनी लावावीच लागली, आणि गाडी टू-व्हीलमध्ये मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर ती पुढे लावा. मागे पंक्चर झालं असेल तर पुढचं चांगलं चाक मागे घ्या. दोनदा जॅक लावावा लागेल, लागू दे. मग फोर बाय फोर न लावता सावकाश डांबर गाठा.

पाचही टायर सारखे घेतले की आणखी एक सोय होते. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवताना स्टेपनीलाही फेरीत घ्या, म्हणजे झीज पाचांत वाटली जाते आणि दारावरचं रबर नुसतं उन्हात वाळत राहत नाही. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूवर असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी दरवर्षी टायरवाल्याकडून तपासून घ्यावा, भेगा दिसल्या तर बाजूला ठेवावा. दहा वर्षांचा झालेला तर, न वापरलेला असला तरी, रानात न्यायचाच नाही. आणि बाण छापलेली एकाच दिशेची नक्षी घेऊ नका. ती स्टेपनी गाडीच्या एकाच बाजूला नीट बसते.

पिकअपवाल्यांनी लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, जरूर पाहावा. 109 म्हणजे एका टायरवर 1030 किलो, 112 म्हणजे 1120. सामान भरलेल्या गाडीला कमी आकड्याची स्टेपनी लावून घाट उतरणं मला मान्य नाही.

रिमबद्दल थोडक्यात. चार अलॉय आणि स्टेपनी लोखंडी असेल तर हरकत नाही, लोखंडी रिम वाकली तर ठोकून कामचलाऊ सरळ होते. पण नट तपासा. काही अलॉयचे नट लोखंडी रिमवर बसत नाहीत. मग वेगळा संच गाडीतच हवा.

जागेचं म्हणाल तर गाडीच्या पोटाखालची स्टेपनी आपल्या भागाला सोयीची नाही, असं माझं मत आहे. गाडी गाळात पोटावर बसली की ती काढायलाच जागा उरत नाही. शिवाय लाल चिखलाने तिची साखळी आणि स्क्रू गंजतात. पिकअप असेल तर हौद्यात घट्ट बांधा. टपावर मी ठेवणार नाही, रिमसकट तीसेक किलो वजन तिरक्या चढणीवर इतक्या उंच नको. दारावर मोठा टायर टांगणार असाल तर बिजागरी आणि ब्रॅकेट तो भार पेलतात का ते बघून घ्या.

स्टेपनीत हवा पाचेक पौंड जास्त ठेवा, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत. जंगलात हवा काढता येते, भरणं अवघड.

शेवटी एक काम घरच्या अंगणात करा. स्टेपनी खाली उतरवा, गाडीचाच जॅक आणि गाडीचाच पाना घेऊन ती पुढे लावून बघा, मग मागे. मोठे टायर घातले असतील किंवा गाडीची उंची वाढवून घेतली असेल तर कंपनीचा जॅक बहुतेक वेळा अपुरा पडतो. ओल्या मातीत तो रुततो, म्हणून त्याच्याखाली घालायला जाड फळी गाडीत असू द्या. प्रश्न असतील तर आता विचारा. बाहेर माझी गाडी उभी आहे, पाचवं चाक हात लावून बघायला हरकत नाही.