सटन युनायटेड आणि त्यांचे मॅनेजर

नमस्कार, श्रोतेहो.

तारीख ७ जानेवारी १९८९. लंडनच्या दक्षिणेला सटन नावाचं उपनगर आहे. तिथल्या गँडर ग्रीन लेन या लहानशा मैदानावर एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या फुटबॉल क्लबांच्या बाद स्पर्धेच्या, तिसऱ्या फेरीचा सामना होता. पाहुणा संघ कोव्हेंट्री सिटी, पहिल्या श्रेणीतला आणि १९८७ साली हाच कप जिंकलेला. यजमान सटन युनायटेड मात्र पाचव्या पायरीवरचा. खेळाडू दिवसा आपापली नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे.

मध्यंतराला थोडा वेळ असताना सटनला कॉर्नर मिळाला आणि कर्णधार टोनी रेन्सनं डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला. उत्तरार्ध सुरू होताच कोव्हेंट्रीनं बरोबरी साधली. पण काही मिनिटांतच सटनला आणखी एक कॉर्नर. या वेळी चेंडू थेट गोलसमोर न उचलता जवळच्या सहकाऱ्याकडे दिला गेला, तिथून तो आत आला आणि पुढे झेपावलेल्या मॅथ्यू हॅनलननं तो जमिनीवर पडूच दिला नाही. २-१! हॅनलन पोटासाठी गवंडीकाम करायचा. हीच आघाडी शेवटच्या शिट्टीपर्यंत टिकली. त्यानंतर लीगबाहेरच्या संघानं पहिल्या श्रेणीतल्या संघाला हरवायला २०१३ साल उजाडावं लागलं.

त्या दिवशी सटनचे मॅनेजर होते बॅरी विल्यम्स. इंग्रजीचे शिक्षक, तोंडात पाइप. सामन्याच्या माहितीपत्रकात ते मजकूर लिहायचे तेव्हा कवितेच्या ओळी द्यायचे. पुढच्या फेरीत नॉर्विचनं सटनला ८-० असं धुतलं, तरी विल्यम्स यांचं नाव इंग्लंडभर झालं होतं. पुढे काही काळ इंग्लंडच्या महिला संघाची सूत्रंही त्यांच्याकडे आली.

आता 'लीगबाहेरचा' म्हणजे काय? इंग्लंडमधले वरच्या चार श्रेणींतले ९२ क्लब म्हणजे लीगमधले. त्याखाली शेकडो क्लब आहेत, पायरी-पायरीनं थेट गावपातळीपर्यंत. खालच्या क्लबनं कितीही चांगला खेळ केला तरी १९८७पर्यंत त्याला वर जायचा हक्कच नव्हता. लीगमधल्या सभासदांनी मतदान करून आत घेतलं तरच प्रवेश. स्वतःच्याच माणसांना कोण मतदानानं बाहेर काढणार? म्हणून चांगले चांगले क्लब वर्षानुवर्षं दाराबाहेर ताटकळले. एफए कप हीच त्यांची मोठ्यांशी गाठ पडायची जागा, आणि म्हणूनच त्या कपाचं त्यांना एवढं अप्रूप.

सटनचा जन्म १८९८चा, दोन स्थानिक संघ एकत्र येऊन झालेला. या क्लबच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त भावतात ते त्यांचे मॅनेजर, कारण क्लबनं त्यांना वेळ दिला. साठच्या दशकात आले सिड कॅन. हा गृहस्थ १९३३ साली मँचेस्टर सिटीकडून एफए कपची अंतिम लढत खेळलेला, पुढे साउदॅम्प्टनचा मॅनेजर झालेला. असा माणूस हौशी खेळाडूंच्या क्लबात आला आणि दहा-अकरा वर्षं राहिला. त्याच्या काळात सटन दोनदा, १९६३ आणि १९६९ साली, हौशी संघांच्या कपच्या अंतिम फेरीत वेम्बलीवर खेळला. दोन्ही वेळा हरला. १९७०च्या जानेवारीत तर त्या वेळचा लीगविजेता लीड्स युनायटेड गँडर ग्रीन लेनवर उतरला आणि ६-० जिंकून गेला.

त्यानंतर थेट २००८वर येतो, कारण तेव्हा आले पॉल डॉसवेल. व्यवसाय मालमत्ता विकासाचा. मॅनेजर म्हणून क्लबकडून पगार घेत नसत. २०११ आणि २०१६ साली त्यांनी संघाला एकेक पायरी वर चढवलं. पण त्यांचं मोठं काम मला वाटतं ते म्हणजे २०१५ साली घातलेलं कृत्रिम गवत. साध्या गवतावर आठवड्यात एक-दोन सामने झाले की मैदान उखडतं, पावसाळी हिवाळ्यात तर चिखलच होतो. कृत्रिम गवतावर सकाळपासून रात्रीपर्यंत खेळता येतं. मुलांचे संघ, शाळा, संध्याकाळी भाड्यानं खेळणारी मंडळी, सगळी तिथं यायची. क्लबला आठवडाभर उत्पन्न मिळायचं आणि वस्तीतल्या पोरांना त्याच मैदानावर खेळायला मिळायचं. २०१७ साली याच मैदानावर सटननं लीड्सला १-० हरवलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची परतफेडच ती! पुढच्या फेरीत साक्षात आर्सेनल आलं. ०-२ हरले, पण मान खाली घालावी असं त्यात काहीच नव्हतं.

डॉसवेल २०१९ साली गेले आणि मॅट ग्रे आले. दोन वर्षांत, म्हणजे २०२१ साली, सटन नॅशनल लीगचा, म्हणजे त्या ९२ क्लबांच्या लगेच खालच्या पाचव्या पायरीचा, विजेता झाला आणि १२३ वर्षांत पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये पोचला. आणि लगेच ते कृत्रिम गवत उखडावं लागलं, कारण लीगमध्ये त्याला परवानगी नाही. ज्या मैदानानं क्लबला पैसा आणि माणसं दिली, तेच वर जाण्यासाठी मोडायचं. एफए कपमध्ये त्याच गवतावर आर्सेनल खेळू शकतं, मग चौथ्या श्रेणीतल्या संघांना काय अडचण? हा नियम अन्यायाचा आहे, तो बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षी संघ आठवा आला. त्याच मोसमात, एप्रिल २०२२मध्ये, लीगमधल्या खालच्या श्रेणींसाठी असलेल्या ट्रॉफीची अंतिम लढत वेम्बलीवर झाली. रॉदरहॅमविरुद्ध सटन २-१ पुढे होता. भरपाई वेळेतही शेवटच्या क्षणांत बरोबरी झाली आणि जादा वेळेत ४-२ असा पराभव पदरी आला. डिसेंबर २०२३मध्ये संघ तळाला असताना ग्रे यांना दूर करण्यात आलं. मला ते पटलं नाही. ज्यानं क्लबला लीग दाखवली, त्याला मोसम पूर्ण करू द्यायला हवा होता. नव्या मॅनेजरनं, स्टीव्ह मॉरिसन यांनी, धडपड केली. एप्रिल २०२४मध्ये शेवटच्या दिवशी मिल्टन कीन्सच्या संघाशी ४-४ अशी बरोबरी झाली, पण ती पुरेशी नव्हती. तीन वर्षांनी सटन पुन्हा नॅशनल लीगमध्ये परतला. मतदान वगैरे आता राहिलेलं नाही, तेव्हा चांगलं खेळून वर जायचा रस्ता त्यांना मोकळा आहे.

नमस्कार.