साहसी कोण?

(दृश्य: जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं एक गाव. वटपौर्णिमेची सकाळ.)

पेरणीची कितीही घाई असो, या दिवशी आमच्याकडे वडाखाली बायांची गर्दी होतेच. ठेवणीतलं लुगडं, वाणात आंबे, हातात सुताचं रीळ. सावित्रीची गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. नवऱ्याचे प्राण आणायला ती यमाच्या मागं गेली, हे प्रत्येकीला लहानपणापासून पाठ आहे.

याच गोष्टीवर १८८२ साली एका बाईनं विचारलं होतं : बायकोचे प्राण परत आणायला यमाच्या वाटेवर गेलेला एखादा नवरा कुणी ऐकलाय का?

ही बाई फार लांबची नव्हे. इथून धाड गावावरून रस्ता बुलढाण्याला जातो. त्या बुलढाण्यात १८५० साली ताराबाई शिंदे जन्मल्या. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली गेलं, आपला मराठवाडा निजामाकडंच राहिला. ताराबाईंचे वडील, बापूजी हरी शिंदे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं.

(दृश्य: जुन्या छापील पानांवरून सरकणारा कॅमेरा.)

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. गुन्हा, स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याचा. अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांत बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणं चालूच राहिलं. विधवेनं पुन्हा लग्न करायचं नाही, असा नियम कुणी केला? तिला दिवस गेले, त्यात वाटेकरी असलेला पुरुष कुठं होता? हे विचारायला कुणी तयार नव्हतं.

ताराबाईंनी विचारलं. त्यांच्या निबंधाचं नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’, आणि पुढं त्यातच जोडलेला सवाल : स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण? आज साहस म्हटलं की आपल्याला गड चढणं, नदीत उडी घेणं आठवतं. इथं साहस म्हणजे मागचापुढचा विचार न करता केलेलं वाईट कृत्य. एका संस्कृत श्लोकात स्त्रीला संशयांचा भोवरा, उद्धटपणाचं घर, साहसांचं नगर म्हटलंय. ताराबाई त्यातलं एकेक विशेषण उचलतात आणि पुरुषांसमोर धरतात. बघा, हे कुणाला जास्त लागू पडतं? त्यांची भाषा सौम्य नाही. शेजारीण अंगणात उभी राहून भांडावी, तसं त्या थेट ‘तुम्ही’ म्हणून पुरुषांशी बोलतात. पण हे भांडण पुराव्यानिशी आहे. धर्मग्रंथांतल्या देवांची आणि ऋषींची उदाहरणंही त्यातून सुटत नाहीत.

शिक्षणाबद्दलही त्यांचा रोख असाच आहे. बाईला विद्या दिली नाही, उंबऱ्याबाहेरचं जग दाखवलं नाही, मग ती अडाणी म्हणून हिणवायचं. तर हे अज्ञान आलं कुठून? मुली शिकल्या तर संसार नीट करतील, मुलं चांगली वाढवतील, असं तेव्हाचे बरेच सुधारक सांगत. मला ताराबाई मोठ्या वाटतात त्या इथं. त्या बाईच्या शिक्षणाचा घराला काय फायदा, याचा हिशेब मांडत बसत नाहीत. त्या न्याय मागतात, दोघांना एकाच मापानं.

पुण्यात छापलेल्या या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या. टीका झाली, आणि ती आपल्या म्हणवणाऱ्यांकडूनही झाली. जोतीराव फुले मात्र पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, त्यांना ‘चिरंजीविनी’ म्हटलं. ताराबाईंचं हे एकमेव प्रकाशित पुस्तक. पुढं ते विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा ९३ वर्षं उलटून गेली होती.

(दृश्य: सकाळी सातचा एसटी स्टँड. गणवेशातल्या मुली.)

आता पुन्हा आपल्या गावात या. दसऱ्यानंतर मराठवाड्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, बहुतेकदा पडते नवऱ्याच्या हातात. पोरगी मागं कुणाकडं ठेवायची, या काळजीत तिचं लग्न उरकलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वर्षांच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण बीडमध्ये सुमारे ४४ टक्के निघालं, परभणीत ४८.

आणि जिथं ऊसतोड नाही, तिथं? कितीतरी गावांत शाळा सातवीपर्यंतच. पुढं तालुक्याला जायचं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पोरी हुशार आहेत, आयांचीही तयारी असते. मग एक दिवस स्टँडवर एखादा मुलगा वाट अडवतो, मोबाईलमध्ये फोटो काढतो. गोष्ट घरी पोचते. रात्री बैठक बसते, आणि बोलणं सगळं मुलीबद्दल होतं : तीच हसली असेल, तिला आता घरीच ठेवा, चार लोकांत नाव जायच्या आत उजवून टाका. त्या बैठकीत मुलाचं नाव एकदाही निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची गाडी येते. तो मुलगा स्टँडवर असतो. मुलीचं दप्तर माळ्यावर गेलेलं असतं.