थर्मोस्टॅट परत बसवा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुनी गाडी घ्यावी का, आणि कोणती?’ त्याकडे येतोच. पण त्याआधी एका सुट्या भागाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. इथे सातपूर-अंबडला आयुष्य घालवलेली निम्मी मंडळी बसली आहेत, त्यामुळे फार समजावत बसत नाही. थर्मोस्टॅट: इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

एक प्रयोग करा. पुढची जुनी पेट्रोल गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेट उघडून वरच्या होजच्या घरट्यात डोकवा. बऱ्याचदा ते रिकामं सापडेल. कधीतरी उन्हाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी तापलेली असते, मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, आपल्या हवेत याची गरजच नाही’, आणि तो भाग कचऱ्यात जातो. गरज नाही कशी? नाशिकच्या थंडीत पहाटे आठ-नऊ अंशांत गाडी सुरू केली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं. इंजिन गरम व्हायला खूप वेळ घेतं. तोवर चोक ओढलेला, मिश्रण गडद, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. सिलिंडरचा बोअर आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात त्या तिथे, हायवेवर नाही.

आणि तापायचं थांबतं का? काही इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की मागच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तोच काढलात तर थोडं पाणी रेडिएटरला न जाताच पंपाकडे परततं. म्हणजे ज्या चढासाठी काढला, त्याच चढावर गाडी जास्त तापणार!

तपासणी स्वयंपाकघरात होते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लोंबकळवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. उघडायचा अंश त्याच्यावर कोरलेला असतो, पुष्कळदा ८२. तिथे झडप हलली पाहिजे, आणि ९५ च्या आसपास साधारण ८ मिलिमीटर उघडली पाहिजे. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, पाणी इथे ९८ अंशांना उकळतं, तेव्हा पाणी खळखळायच्या आत निकाल कळतो. थंड झाल्यावर झडप घट्ट मिटली नाही तर तो बदला.

मग घाटात गाडी तापते कशाने? कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत सुमारे तीनशे मीटर चढ. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पळतंय, गाडी हळू, समोरून वारा नाही. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेलं असतं. त्याचे क्षार नळ्यांत बसतात. हाताने चाचपा, मधला भाग थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या. कोअर उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळी घालून सफाई, करून घ्या. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबावा, जास्त नको. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ (दाब, बारमध्ये) लिहिलं असेल तर ते झाकण उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर नेतं. रबर कडक झालेलं झाकण हे काम करत नाही. स्पार्क उशिरा पडत असेल तरी उष्णता वाढते, म्हणून टायमिंग पाहा. कूलंट निम्मं, डिस्टिल्ड पाणी निम्मं. आणि तापलेल्या हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर, गार पाणी कधीच ओतू नका. हेडला तडा जातो, मग जपलेली गाडी भंगारात.

आता घड्याळ पाहून मूळ विषय. मारुती ८००, ७९६ सीसी, तीन सिलिंडर: सुटे भाग मुबलक, पहिल्या जुन्या गाडीसाठी मी हीच सांगेन. दारांखालच्या सिलच्या कडा आणि गाडीचा तळ गंजलाय का, तेवढं वाकून पाहा. प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर: प्रेमाची गाडी, पण स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्यांच्या बुशा झिजल्या की गिअर शोधत बसावं लागतं. महिंद्राची जीप असेल तर मोठ्या टायरचा मोह टाळा. बाहेरचा व्यास तीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढला की मीटर कमी वेग दाखवतो, क्लच आणि ब्रेकवर भार येतो. हॅलोजन दिवे जास्त वॅटचे हवे असतील तर रिले लावा, म्हणजे मोठा प्रवाह स्विचमधून जात नाही, नाहीतर स्विच जळतो.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी होज आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवा. टाकी धुऊन घ्या, कारण इथेनॉल जुना गाळ सोडवतं आणि फिल्टर तुंबतो. प्लग पांढुरके दिसले तर मिश्रण फिकट झालंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मग कार्ब्युरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, एक नंबर मोठा बसवा.

कायदा थोडक्यात: पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच पाच वर्षांनी. पन्नाशी ओलांडलेल्या मूळ रूपातल्या गाडीसाठी २०२१ पासून वेगळी ‘व्हीए’ मालिका आहे, पण त्या नंबरावर रोजचा वापर करता येत नाही. चेसिसवरचा नंबर आरसी बुकशी स्वतः ताडून पाहा, मगच बयाणा द्या.

वेळ संपली. मागच्या टेबलावर शेगडी, पातेलं आणि तीन थर्मोस्टॅट ठेवलेत, त्यातला एक अडकलेला आहे. कोणता, ते चला बघूया.