चार ॲडमिशन हातात आल्यावर

आज विषय दिलाय, हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी अशा सगळीकडून होकार आला तर जायचं कुठे. त्यावर येतेच मी, पण आधी पत्रांबद्दल बोलू द्या, कारण मुलं रँकिंग दहादा बघतात आणि फायनान्शियल एडचं, म्हणजे कॉलेज देऊ करतं त्या पैशाच्या मदतीचं, पत्र एकदाही धड वाचत नाहीत.

माझी भाची अमेरिकेतच वाढलेली, तिला चार ठिकाणी ॲडमिशन मिळाली. एप्रिलमधल्या एका रात्री चारही पत्रं टेबलावर मांडून बसलो. एका नावाजलेल्या युनिव्हर्सिटीचं, नाव नाही घेत, पत्र सगळ्यात भरघोस, वर मोठ्या अक्षरात 'अवॉर्ड'. मी पेन्सिल घेतली. एका ओळीत लोन, म्हणजे पोरीनेच फेडायचं, काट. पुढे वर्क-स्टडी, म्हणजे कॅम्पसवर तास भरून तिनेच कमवायचं, तेही काट. राहिली ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, तेवढीच खरी. आणि विमानभाडं, हेल्थ इन्शुरन्स यांचा तर खर्चात पत्ताच नाही! पहिल्या नंबरचं पत्र शेवटी गेलं. मला अजून राग येतो त्याचा. अहो, सावकारसुद्धा कर्जाला बक्षीस म्हणत नाही! हसा, पण घरी जाऊन तुमचंही पत्र बघा.

यामागे इतिहास आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, प्रिन्स्टनसारख्या अमेरिकेतल्या जुन्या युनिव्हर्सिट्यांचा गट, त्यातल्या आठही आणि एमआयटी एकत्र बसून, एकाहून जास्त ठिकाणी घेतलेल्या मुलांची एड जुळवून घ्यायची, म्हणजे मुलाने पैशावरून निवडू नये. हे संगनमत झालं म्हणून 1991 साली अमेरिकेच्या न्याय खात्याने खटला भरला, आयव्हींनी तडजोड केली, एमआयटी लढत राहिली, 1993 मध्ये तिचंही मिटलं. तेव्हापासून आकडे वेगळे येऊ शकतात, म्हणूनच एकाचं पत्र जोडून दुसऱ्याला 'पुन्हा बघाल का' विचारता येतं. भाचीने विचारलं, ग्रँट वाढली. विचारायला लाजू नका हो.

पाचच मिनिटं राहिलीत म्हणताहेत, तर भरभर. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 च्या पेपरमध्ये सारख्याच कॉलेजांकडून होकार आलेल्या मुलांची तुलना केली, तर त्यातल्या कमी नावाच्या ठिकाणी गेलेल्यांचीही पुढची कमाई साधारण तेवढीच निघाली, फक्त गरीब घरच्या मुलांना नावाजलेल्या कॉलेजचा फायदा दिसला. मग नावावर भांडायचं कशाला, पहिलं वर्ष कसं जाईल ते बघा. कोलंबियात कोअरचे, म्हणजे ठरवून दिलेले सामायिक, कोर्स सक्तीचे, ब्राऊनमध्ये तशी सक्ती नाही, एमआयटीत पहिल्या सेमिस्टरला नापास झालात तर ते ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, येतच नाही, स्टॅनफर्डला क्वार्टर, म्हणजे दहा आठवड्यांत कोर्स गुंडाळला, प्रिन्स्टनला शेवटी बहुतेकांना थीसिस, म्हणजे मोठा प्रबंध, लिहावा लागतो. तुमच्या पोराला यातलं काय झेपतं ते तुम्हालाच माहीत.

उत्तराची तारीख सहसा 1 मे. डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा आणि बाकीच्यांना लगेच नाही कळवा, वेटलिस्टवर कुणीतरी वाट बघत असतं. पत्रं आणली असतील त्यांनी पुढे या, पेन्सिल आहे माझ्याकडे.