पट्टी गेली, भिंत आली : 'कॉल ऑफ ड्यूटी २'

मॉस्को, डिसेंबर १९४१. वासिली कोस्लोव्ह नावाचा रेड आर्मीतला नवा शिपाई हातगोळे फेकायला शिकतोय. हातात काय आहे पाहिलंत? बटाटे. खरे हातगोळे मोलाचे, शिपाई स्वस्त. त्याचा कमिसार, म्हणजे पक्षाचा राजकीय अधिकारी, हे त्याला तोंडावर ऐकवतो. 'कॉल ऑफ ड्यूटी २' या व्हिडिओ गेमची सुरुवात ही अशी.

ऑक्टोबर २००५ मध्ये हा गेम पीसीवर आला. पुढच्याच महिन्यात एक्सबॉक्स ३६० हा गेमिंग कन्सोल बाजारात आला, तेव्हा पहिल्या दिवसापासून हा गेम त्याच्यासोबत होता. बनवणारा स्टुडिओ इन्फिनिटी वॉर्ड. यातल्या बऱ्याच जणांनी आधीच्या कंपनीत 'मेडल ऑफ ऑनर : अलाइड असॉल्ट' या महायुद्धावरच्याच गेमवर काम केलं होतं. २००२ मध्ये बाहेर पडून त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं आणि पुढच्याच वर्षी पहिला 'कॉल ऑफ ड्यूटी' आणला. म्हणजे दुसरं महायुद्ध या मंडळींना पाठ होतं. सिक्वेलमध्ये पुन्हा तेच युद्ध आणि त्याच तीन सेना, रशियन, ब्रिटिश, अमेरिकन. मग नवीन काय?

नवीन हे, की एक जुनी गोष्ट काढून टाकली.

पहिल्या भागात पडद्याच्या खालच्या बाजूला हेल्थची, म्हणजे किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी होती. गोळी लागली की पट्टी घटायची, ती आपोआप भरत नसे. कुठे औषधाची पेटी सापडली तर ठीक, नाहीतर चिमूटभर जीव घेऊन पुढच्या खोलीत शिरायचं. ऐन लढाईत माणूस पेट्या हुडकत फिरायचा. लेव्हल, म्हणजे गेमचे टप्पे, रचणाऱ्याचीही पंचाईतच. या दारातून आत येणारा खेळाडू ठणठणीत असेल की अर्धमेला? आत शत्रू दोन ठेवायचे की आठ?

दुसऱ्या भागात ती पट्टीच गेली. आता गोळ्या लागल्या की पडद्याच्या कडा लाल होतात आणि धाप ऐकू येते. भिंतीआड व्हा, जरा दम खा, की गडी पुन्हा तयार. कल्पना कोरी नव्हती. 'हेलो' या गेममध्ये २००१ पासूनच आपोआप भरून येणारं कवच होतं, पण तो भविष्यकाळातला चिलखती योद्धा. इथे साधा शिपाई आहे, कापडी गणवेशातला, आणि त्याच्या छातीत शिरलेल्या गोळ्या चार श्वासांत नाहीशा होतात!

पटत नाही ना? पटण्यासारखं नाहीच. तरी खेळताना कुणी हरकत घेत नाही, कारण आता प्रत्येक चकमक भरल्या जिवाने लढता येते आणि रचणाऱ्यांचे हात मोकळे होतात. स्टालिनग्राडच्या पडक्या इमारतींत चहूकडून गोळीबार होतो. मशीनगनसमोरचं उघडं मैदान ओलांडायला धुराचे गोळे फेकावे लागतात. पायाशी हातगोळा पडला की पडद्यावर खूण उमटते, तो कुठल्या बाजूला आहे ते बाण दाखवतो. आणि सोबतचे शिपाई सारखे ओरडत असतात, दुसऱ्या मजल्यावर, त्या भिंतीमागे, ट्रककडे बघ. माझ्या मते या आरडाओरडीचं व्हायला हवं तेवढं कौतुक झालं नाही. नजर हटवायची गरज पडत नाही, अर्धी लढाई कानांनी लढता येते.

आफ्रिकेत आपण ब्रिटिश सार्जंट जॉन डेव्हिस. सातवी आर्मर्ड (रणगाड्यांची) डिव्हिजन आणि डोक्यावर कॅप्टन प्राइस, त्या प्रसिद्ध मिशांसकट. अल अलामीनहून निघालेली ही वाट ट्युनिशियात तूजान आणि मातमातापर्यंत जाते. मार्च १९४३ मध्ये याच मातमाताच्या डोंगरांतून चौथी इंडियन डिव्हिजनही लढत पुढे सरकत होती. अल अलामीनच्या फळीतही ती होतीच. गेममध्ये मात्र एकही भारतीय शिपाई दिसत नाही. डेव्हिसच्या शेजारच्या डोंगरावर कोण लढत होतं, हे आपलं आपण लक्षात ठेवायचं.

आणि मग नॉर्मंडी. ६ जून १९४४, पॉइंट द्यू हॉक. सुमारे ३० मीटर उंचीचा उभा कडा, खाली लेफ्टनंट कर्नल जेम्स रडर यांचे २२५ रेंजर, म्हणजे अमेरिकन कमांडो. समुद्राच्या पाण्याने दोर भिजून जड झालेले. रॉकेटने वर फेकले तर काही कड्याच्या काठापर्यंतच पोचेनात. लंडनच्या अग्निशमन दलाकडून शिड्या आणल्या होत्या, त्यांचाही फारसा उपयोग झाला नाही. तरी माणसं वर गेली. वर तोफा कुठे होत्या? त्यांच्या जागी लाकडी ओंडके! जर्मनांनी तोफा आधीच आत हलवल्या होत्या. त्या सापडल्या दूर झाडीत लपवलेल्या, आणि तिथेच निकामी केल्या गेल्या. गेममध्ये हे सगळं आहे. कॉर्पोरल बिल टेलर होऊन आपण कडा चढतो, तोफा शोधतो, मग जर्मनांचा उलटा हल्ला थोपवत बसतो. तो कडा धरून ठेवण्याची लढाई हा सगळ्या गेममधला माझ्या आवडीचा तुकडा. इथे पुढे धावून भागत नाही. भिंतीआडची जागाच कमी पडत जाते.

खऱ्या कड्यावर दोन दिवसांनी हत्यार धरू शकतील असे जेमतेम ९० रेंजर उरले होते. बिल टेलर मेला तर पडद्यावर युद्धाबद्दल कुणा थोर माणसाचं वाक्य येतं. पुष्कळदा ते युद्धाच्या विरोधातलंच असतं. वाचून होतंय तोवर आपण चेकपॉइंटवर, म्हणजे जरा मागच्या ठिकाणी, परत.

जखमा आपोआप भरण्याची ही युक्ती पुढे पुष्कळांनी उचलली. २००७ मध्ये इन्फिनिटी वॉर्डने महायुद्ध सोडून आजच्या काळातला 'मॉडर्न वॉरफेअर' आणला, त्यातही जखमा आपोआप भरतात. प्राइस नावाचा मिशाळ कॅप्टन तिथेही आहे.

२०१७ मध्ये मालिका पुन्हा दुसऱ्या महायुद्धात गेली. या वेळी बनवणारा स्टुडिओ स्लेजहॅमर. त्यांनी कथेच्या लढायांत जखमा आपोआप भरणं बंद केलं आणि पट्टी परत आणली. औषध हवं असेल तर सोबतच्या झुसमन नावाच्या शिपायाकडे मागायचं, आणि त्याच्याकडे नेहमी असेलच असं नाही. मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपापसातल्या लढतींत, मात्र २००५ चाच नियम राहिला.