शोधनिबंध कुठून वाचायचा?

[दृश्य: वर्गातल्या बाकावर छापील शोधनिबंध, समासात पेन्सिलीच्या खुणा]

डिसेंबर १९९९. 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीचं संशोधन छापून आलं. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च' संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांचं. गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन नवजात बाळांचे मृत्यू घरच्या घरी रोखता येतील का, हा त्यातला प्रश्न. अवघी सात पानं. शोधनिबंध वाचायला शिकवायचा तर मराठी मुलांसाठी याहून चांगला धडा सापडणं अवघड.

मुलं बहुधा सारांश वाचतात, शेवटचा परिच्छेद वाचतात आणि मधली पानं सोडून देतात. सारांश जरूर वाचावा. पण तो वाचून पटलं असं म्हणू नये. पटण्याजोगं जे आहे ते मधेच आहे.

प्रस्तावनेत गृहीतक शोधायचं. या अभ्यासाचं गृहीतक स्पष्ट आहे: तीन वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी घटेल. त्या ओळीखाली रेघ मारायला सांगावी. पुढचं सगळं तिच्याशी ताडून पाहायचं आहे.

[दृश्य: गडचिरोलीतली पायवाट, घराकडे निघालेली आरोग्यदूत]

मग पद्धती. इथे वर्गाने रेंगाळावं. ३९ गावांत सेवा दिली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते ९५ ही दोन वर्षं आधीची स्थिती नोंदवण्यात गेली. सेवा त्यानंतर सुरू झाली, १९९५ ते ९८. तुलनेची गावं कशासाठी? आधीची दोन वर्षं का थांबले? उत्तरं मुलांनीच द्यावीत. आणि एक वाक्य तर फळ्यावर लिहावं असं आहे: जन्म-मृत्यूची नोंद वेगळ्या कार्यकर्त्यांनी ठेवली. बाळ जगावं म्हणून जी रात्रंदिवस झटते, तिच्याकडेच मृत्यूंची मोजणी दिली असती, तर आकड्यांवर कितपत विसंबता आलं असतं? हे वाक्य सुटलं तर मुलांनी हा निबंध वाचलाच नाही, असं मी म्हणेन.

निष्कर्षांच्या भागात वही-पेन घ्यायचं. दर हजार जिवंत जन्मांमागे सेवेच्या गावांत सुरुवातीला ६२ नवजात दगावत होते, तुलनेच्या गावांत ५८. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतला दर २५.५ वर आला. करा वजाबाकी, काढा टक्केवारी. उत्तर येतं साधारण ५९. निबंध मात्र ६२.२ टक्के निव्वळ घट सांगतो. वरचे तीन टक्के आले कुठून? मुलं तक्त्यांकडे वळतात आणि त्यांच्या लक्षात येतं, की तुलनेच्या गावांत दर घटला नव्हता, किंचित वाढला होता. निव्वळ घटीत तोही फरक धरलेला आहे.

चर्चा हा संशोधकांचा युक्तिवाद. तो वाचताना शंका काढायच्या. ही गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. त्याने काय बिघडू शकतं? दोन्हीकडची सुरुवातीची स्थिती सारखी होती, हे उत्तर पुरेसं आहे का? यावर वर्गात दोन तट पडले तर पडू द्यावेत.

संदर्भसूची शेवटी असते म्हणून ती टाकून देऊ नये. तिथून मागे जाता येतं, याच गटाने १९९० साली मुलांच्या न्यूमोनियावर केलेल्या कामापर्यंत. सूचीबाहेर पडून पुढेही जाता येतं: २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांसाठी गृहभेटी सुरू केल्या. तो धागा शोधायला मुलांना ग्रंथालयात पाठवावं.